क्षणभंगुर अणुकेंद्रकांची साक्ष



निसर्गात स्थिर अणुकेंद्रके अडीचशेच्या आसपास आहेत. शास्त्रज्ञांनी आजवर ओळखलेल्या केंद्रकांची संख्या मात्र ३,०००हून अधिक आहे. म्हणजेच बहुसंख्य केंद्रके अस्थिर आहेत आणि त्यांपैकी कित्येक अत्यंत अल्पायुषी. आपल्या परिचयाच्या लिथियममध्ये तीन प्रोटॉन आणि तीन किंवा चार न्यूट्रॉन असतात. लिथियम-११ मध्ये न्यूट्रॉन आठ. त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशी वस्तू साठवता येत नाही. ती घडते तेथेच, घडताक्षणी अभ्यासावी लागते.

जिनीव्हाजवळील सेर्न या संशोधनसंस्थेतील ‘आयसोल्ड’ केंद्र १९६७ पासून हेच कार्य करीत आहे. तेथे युरेनियम कार्बाइडवर वेगवान प्रोटॉनांचा मारा केला जातो. युरेनियमची केंद्रके फुटून नाना प्रकारची नवी केंद्रके जन्मास येतात. युरेनियम कार्बाइड सुमारे २,००० अंश सेल्सियसपर्यंत तापविलेले असल्याने नवजात अणू त्यातून बाहेर झिरपतात. उष्ण पृष्ठभाग किंवा लेझर यांच्या साहाय्याने त्यांचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो आणि चुंबकीय क्षेत्रात वस्तुमानानुसार त्यांची निवड होते.

पुढील टप्पा प्रवेगाचा. केंद्रके धनप्रभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात. त्यांना निकट आणण्यास वेग हवा. परंतु एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या जड अणूवर विद्युतक्षेत्राचा जोर फारसा चालत नाही. म्हणून अणू प्रथम सापळ्यात गोळा करून, इलेक्ट्रॉनांच्या झोताने त्यांचे आणखी कित्येक इलेक्ट्रॉन उतरविले जातात आणि मगच त्यांना रेषीय त्वरकात सोडले जाते. आयसोल्डमध्ये ही सोय २००१ साली सुरू झाली.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने याचे उत्तर दिले. प्रवेगित रेडियम-२२४ कथिल व कॅडमियमच्या पातळ पत्र्यांवर आदळविण्यात आले. विद्युत प्रतिकर्षणाने उत्तेजित झालेल्या केंद्रकांनी सोडलेल्या गॅमा किरणांवरून त्यांचा आकार उलगडला. तो गोल नव्हता. एका बाजूस निमुळत्या नासपतीसारखा होता.

हा केवळ आकाराचा प्रश्न नव्हे. विश्वारंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समप्रमाणात निर्माण झाले असावे, असे मानले जाते. मग प्रतिद्रव्य गेले कोठे आणि आपले हे द्रव्यमय विश्व उरले कसे? त्यामागे निसर्गनियमांतील एखादी सूक्ष्म असममिती असल्यास नासपतीच्या आकाराच्या केंद्रकांत तिचा परिणाम कित्येक पटींनी वाढून दिसेल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. २०१५ साली अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेने रेडियम-२२५ वर तसे पहिले मोजमाप प्रसिद्ध केले. उत्तर शून्याशी सुसंगत आले. यास अपयश म्हणता येणार नाही. परिणाम किती मोठा असू शकत नाही, याची सीमा त्यातून ठरली. अधिक सूक्ष्म मोजमापाची दिशाही तीच.

हे विश्व का उरले, या प्रश्नाची साक्ष न टिकणारी केंद्रकेच देतील, असा संभव आहे. मात्र ती नोंदविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा संयम लागतो.