बागेचा काठ बांधू नका, मांडा
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत, त्याबद्दल प्रथम सर्वांचं मनापासून अभिनंदन. कार्यकारिणीनं मला विषय दिला तो असा : ‘ओपन स्पेसमधील बागेचं कुंपण आणि वाफ्यांचा काठ’. ऐकून काहींना वाटलं असेल, यात काय बोलायचं? विटा आणायच्या, मिस्त्री लावायचा, झालं काम. पण येत्या वार्षिक सभेत याच कामाचा ठराव येणार आहे. पैसा सगळ्यांच्या वर्गणीचा आहे. बागेत सकाळी आजी-आजोबा फिरतात, संध्याकाळी लेकरं पळतात. तेव्हा थोडा वेळ या विषयाला दिला तर तो वाया जाणार नाही. मी अनेक वर्षं आयटीआयमध्ये मुलांना ड्रॉइंग आणि फिटिंग शिकवलं, म्हणून बोलताना इंच-फुटांचा हिशेब येईल, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात मातीपासून करू. आपलं उमरखेड काळ्या मातीवर उभं आहे. कापूस, हळद, ऊस ही सगळी तिचीच कृपा. पण जी माती पिकाला चांगली, ती बांधकामाला अवघड. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण झिजून ही माती झाली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, अख्खा हात आत जातो. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि जमीन वर येते. दरवर्षी हे असंच चालतं.

आता या मातीवर चार इंच रुंदीची, सिमेंटमध्ये बांधलेली विटांची सलग ओळ टाकली तर काय होईल? उन्हाळ्यात खालची जमीन एका जागी बसते, पावसाळ्यात दुसऱ्या जागी उचलते. जमीन वाकते, सिमेंटला वाकता येत नाही. मग ते तडकतं. गावात कुठंही फिरून बघा, वाफ्याच्या विटांच्या काठाला दर पाच-सात फुटांवर तडा दिसेल. लोक विचारतात, “काहून हो सर, सिमेंट तर भरपूर टाकलं होतं!” सिमेंट वाढवून हा प्रश्न सुटत नाही. ओळ जितकी कडक, तितकी ती वाकायला नाखूश.

मोठ्या इमारतींसाठी यावर उपाय आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, म्हणजे खाली कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. ते साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल नेतात, कारण तिथं ओल आणि कोरड यांचा फरक फारसा पोचत नाही. घरासाठी हे ठीक आहे. पण चार इंच उंचीच्या काठासाठी बारा फूट खड्डा कोण खोदणार?

मग दुसरी वाट धरायची. जमीन हलणार हे मान्य करायचं, आणि तिच्याबरोबर हलेल असा काठ करायचा. सलग नाही, सुट्या तुकड्यांचा. एक तुकडा उचलला गेला तर तेवढाच काढायचा, खाली मुरूम सारखा करायचा, परत ठेवायचा. म्हणून मी म्हणतो, बागेचा काठ बांधू नका, मांडा.

ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या धुऱ्यावरची कुपाटी आठवा. बोरी-बाभळीच्या काट्यांचे फास मांडून केलेलं कुंपण. जिथं मोडलं तिथं एक फास बदलला, बाकी तसंच राहिलं. आज इंग्रजीत याला ‘मॉड्युलर’ म्हणतात. अर्थ साधा : एकाच मापाचे तुकडे, कोणताही तुकडा कुठंही बसतो.

माप कसं ठरवायचं, तेही बघू. आपल्या देशात विटेचं प्रमाण माप ठरवलेलं आहे. मॉड्युलर वीट 190 मिलिमीटर लांब, 90 रुंद आणि 90 उंच. हे असं तुटक माप का? कारण मध्ये 10 मिलिमीटरचा सांधा येतो. वीट अधिक सांधा, मिळून 200 होतात आणि हिशेब सरळ बसतो. तुकड्याच्या मापात सांधा आधीच धरायचा, एवढंच यातलं गुपित. तो धरला नाही तर ओळीच्या शेवटी तुकडा फोडावा लागतो.

आपणही तसंच करू. काठाचा एक तुकडा साडेसतरा इंच लांब, आठ इंच उंच, अडीच इंच जाड. शेजारच्या तुकड्याशी अर्धा इंच फट. म्हणजे एका तुकड्याची जागा बरोबर दीड फूट. ती फट कशानंही भरायची नाही. जमीन फुगली तर तुकड्यांना सरकायला जागा मिळते, आणि पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. सलग काठ पाणी अडवतो. मग ते एक तर वाफ्यात साचून झाडांची मुळं कुजवतं, नाही तर रस्त्याकडून वळून कुणाच्या तरी जोत्याला लागतं. पाण्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट आलेलं आपण पाहिलं आहे. अर्ध्या इंचाच्या फटीनं ते टळत असेल तर स्वस्तच आहे.

समजा बाग 60 बाय 40 फुटांची आहे. घेर झाला 200 फूट. चार-चार फुटांच्या दोन वाटा सोडल्या की उरले 192 फूट. भागिले दीड, तुकडे 128. मोडतोडीला सात जास्त धरा, एकूण 135. एक तुकडा साधारण 14 किलोचा होतो, एक माणूस सहज उचलतो. लांबी याहून वाढवली तर दोघं लागतील आणि मग दुरुस्ती कुणीच करणार नाही. तुकडा आखूड असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वळणावर वेगळा साचा लागत नाही. फट एका बाजूनं थोडी जास्त उघडली की ओळ आपोआप वळते.

हे तुकडे इथंच ओतता येतात. लाकडी फळ्यांचे दहा साचे करायचे, आतून ऑइलचा हात द्यायचा. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग बारीक गिट्टी. आत सहा मिलिमीटरच्या दोन सळ्या. दुसऱ्या दिवशी साचा अलगद सोडवायचा आणि तुकडे ओल्या पोत्याखाली किमान दहा दिवस ठेवायचे. आपल्याकडच्या उन्हात पाणी मारण्यात कसूर केली तर सिमेंट कितीही चांगलं असो, कोपरे ढासळतात. सगळ्या 135 तुकड्यांना मिळून पाच-सहा पोती सिमेंट लागेल. दहा साच्यांवर दोन आठवड्यांचं काम आहे.

बसवताना नऊ इंच खोल चर घ्यायचा. काळी माती काढून तळाला पाच इंच मुरूम टाकायचा, धुम्मसनं ठोकायचा आणि त्यावर तुकडा उभा करायचा. दोन्ही बाजूंना मुरूमच दाबायचा. चार इंच जमिनीत, चार इंच वर. मुरुमानं जमिनीचं हलणं पूर्ण थांबणार नाही, पण ते कमी होतं आणि तुकडा काढणं सोपं जातं. वरच्या कडेला दिवाळीला गेरू-चुन्याचा पट्टा मारावा. शोभा तर येतेच, पण तिन्हीसांजेला कमी दिसणाऱ्या माणसाला काठ कळतो, ठेच लागत नाही. आणि दोन्ही वाटांवर उंबरठा नको. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी सरळ आत गेली पाहिजे.

आता कुंपण. ते चारही बाजूंनी लागतं का, हा पहिला प्रश्न. माझं मत, नाही. शेळ्या आणि मोकाट गुरं येतात रस्त्याच्या दोन बाजूंनी. घरांकडच्या बाजूला नुसता काठ पुरे. रस्त्याच्या बाजू 60 अधिक 40, म्हणजे 100 फूट. फाटकाचे चार फूट वजा केले, राहिले 96. चार-चार फुटांवर खांब धरला तर 24 पॅनल आणि 26 खांब. भाल्यासारख्या टोकाची लोखंडी जाळी मी सुचवणार नाही. लेकरं कुंपणावर चढतातच, आपण कितीही ओरडलो तरी.

पॅनल बांबूचे करावेत. विदर्भाच्या जंगलातला मानवेल बांबू बारीक पण जवळजवळ भरीव असतो, कुंपणाला उत्तम. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला वन विभागाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवादा इथं संपूर्ण बांबू केंद्र आहे. या कामाची माहिती आपल्या विदर्भातच मिळते, दूर जायला नको. बांबूचे शत्रू दोन, घुणे आणि उधई. घुण्यांसाठी बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवतात. पण हे औषध पावसानं हळूहळू धुऊन जातं. म्हणून पॅनल जमिनीपासून तीन इंच वर ठेवायचा, मातीचा स्पर्श नको, आणि दरवर्षी पावसाआधी वॉर्निशचा हात द्यायचा.

खांब दीड इंची जीआय पाइपचे. पण ते थेट काँक्रीटमध्ये गाडायचे नाहीत. दोन इंची पाइपचा दीड फुटाचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवायचा आणि खांब त्यात नुसता उतरवायचा. खाली गिट्टी ठेवली की पाणी जिरतं. मंडपवाला येणार आहे, टँकर आत घ्यायचा आहे, तर चार पॅनल उचलून बाजूला ठेवा, काम झालं की परत लावा. पॅनल खांबाला तारेनं बांधायचा, वेल्डिंग नको. जमीन हलली तर तार तेवढी ढील देते.

कुंपणाच्या आतून मेंदी किंवा कोयनेल लावून टाका. कोयनेलला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. चार-पाच वर्षांनी बांबू थकेल, तोवर हिरवं कुंपण उभं राहिलेलं असेल. मग थकलेले पॅनल एकेक करून काढत जायचं, नवे करायची गरजही कदाचित पडणार नाही.

शेवटी देखभाल. सुट्या तुकड्यांना देखभाल लागते, हे आधीच सांगतो. वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेच्या सुमारास आणि दसऱ्यानंतर, एक फेरी मारायची. वर आलेला, कललेला तुकडा सारखा करायचा. चार जणांचं एका सकाळचं काम. ते कोण करणार, याचं नाव ठरावातच लिहा. साच्यांचा संच मोडीत काढू नका, सोसायटीच्या खोलीत जपून ठेवा. पंधरा वर्षांनी तुकडा फुटला तर त्याच मापाचा दुसरा ओतता आला पाहिजे. साचा हरवला की मग हाही काठ इतरांसारखाच होईल.

आज लावलेली निंबाची रोपं सुवर्णमहोत्सवापर्यंत मोठी होतील, त्यांची मुळं काठाला ढकलतील. तेव्हा इथं राहणाऱ्यांना झाड तोडायचं की काठ फोडायचा, असा पेच पडू नये. त्यांनी फक्त चार तुकडे उचलावेत आणि दोन फूट सरकून मांडावेत. सभेत ठरावावर हात वर करताना एवढा विचार करा, ही विनंती.