अमरवेल आणि गुळवेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने औषधावर बोलावे याचे काहीजणींना नवल वाटेल. पण मी औषध सांगायला उभी नाही, कोणते पोटात घेऊ नये ते सांगायला उभी आहे.

माळावरच्या बोरी-बाभळीवर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तीच अमरवेल. तिला पान नाही. बी मातीत रुजते, पण झाड हाती लागले की मूळ सुटते आणि वेल त्या झाडात बारीक सोंडा खुपसून त्याचाच रस पिते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, ऊस आला, बोरी कमी झाल्या. वेल मात्र गेली नाही. ती आता लसूणघासातही दिसते, बियाण्यात मिसळून येते.

तिचा रस खोबरेलात कढवून डोक्याला लावतात. त्याला माझी ना नाही. केस वाढतात की नाही हे जिचे तिने पाहावे!

पण २०२० साली, करोनात, घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. गुळवेलीला कोणी अमृतवेलही म्हणतात. अमृतवेल, अमरवेल, कानाला सारखेच. आमच्या आळीत एका घरी पोराने बोरीवरची पिवळी वेल आणून पातेल्यात टाकली. शेजारणीने वेळीच ओळखली म्हणून बरे.

गुळवेलीला पिंपळासारखी हिरवी पाने असतात. खोडाची पातळ साल खरवडली की आत हिरवे दिसते. ती कडुलिंबावर चढते ती आधारापुरती. जेवते आपल्याच मुळांनी. अमरवेल ज्या झाडावर वाढते त्याच्या रसातले तिच्यात उतरते. कण्हेरीवरची तोडून आणली तर ती ओळखणार कोण?

कावीळ झाली की अमरवेलीचा रस पाजायची जुनी चाल आहे. कावीळ पुष्कळदा आपली आपण उतरते आणि नाव वेलीचे होते. पण दूषित पाण्याने होणारी एक कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, आणि कोणती कावीळ आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आपण धरणाकाठची माणसे, पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. सूनबाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रस पाजून चार दिवस वाट पाहू नये.

आणि घासातली वेल फुलायच्या आत घासासकट कापून जाळावी. बांधावर फेकू नये. बोटभर तुकडा कुंपणावर पडला तरी पुन्हा धरतो.