होतकरू फलंदाज आणि कसोटीची पारख

क्रिकेटचा मोसम सुरू झाला की आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं : 'हा पोरगा पुढंमागं कसोटी खेळणार बरं!' शाळेच्या मैदानाच्या कडेला, एस्टीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, कुठंही ऐकू येतं. मुलानं तालुक्याच्या सामन्यात शतक ठोकलेलं असतं, दोन चेंडू पलीकडच्या उसात गेलेले असतात. वाक्य मायेपोटी उच्चारलेलं असतं, म्हणून त्यावर कुणी वाद घालत नाही. पण त्या वाक्याच्या भरवशावर पुढं बरंच काही उभं राहतं. बाप कर्ज काढून मुलाला पुण्या-मुंबईच्या क्लबात धाडतो, शाळा हजेरीकडे काणाडोळा करते, आणि मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी अशा जागी येऊन पोहोचतो की तिथून मागं फिरणं अवघड होऊन बसतं. तेव्हा हे वाक्य म्हणायचं तर कशाच्या आधारावर म्हणावं, याचा आज जरा विचार करू.

पहिला आधार सगळ्यांना सुचतो तो धावांचा. धावा खोट्या नसतात, हे खरंच. पण धावा बोलतात त्या झालेल्या परीक्षेबद्दल. पुढच्या परीक्षेबद्दल त्या फारसं सांगत नाहीत. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्याला, महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनचा 452 धावांचा त्या वेळचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर राहिला होता. पण काठेवाडच्या कप्तानांनी पुढं खेळायचंच नाकारलं आणि सामना सोडून दिला. मौज अशी, की हा चारशे त्रेचाळीस धावांचा धनी भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळला नाही. ते कसोटीत यशस्वी झाले असते का? त्या 443 धावांवरून छातीठोकपणे 'हो' म्हणता येत नाही, आणि त्यांना घेतलं नाही यावरून 'नाही' तर मुळीच म्हणता येत नाही. नापास होणं वेगळं आणि परीक्षेलाच न बसवणं वेगळं. पारख करणाऱ्यानं ही दोन खाती कधी एकत्र करू नयेत.

आता परीक्षा झालेल्यांकडे वळू. फेब्रुवारी 1993 मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला. त्यात इंग्लंडच्या ग्रॅहम हिकनं 178 धावा केल्या आणि आपल्या विनोद कांबळीनं 224. हिकचं हे पहिलंच कसोटी शतक, कांबळीचंही पहिलंच. त्या दिवशी कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, या दोघांची चिंता मिटली. कांबळीनं पुढच्याच महिन्यात दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध 227 केल्या, त्याच वर्षी श्रीलंकेत आणखी दोन शतकं केली, आणि चौदा डावांत हजार धावा पुऱ्या केल्या. इतक्या थोड्या डावांत हजाराचा पल्ला गाठणारा दुसरा भारतीय तोवर नव्हता. आणि तरीही नोव्हेंबर 1995 मध्ये तो शेवटची कसोटी खेळला, तेव्हा त्याला चोविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. सामने 17, सरासरी 54 च्या वर!

हिकची गोष्ट याच्या उलट दिशेनं येते. कौंटी क्रिकेटमध्ये त्यानं धावांचे डोंगर रचले होते. 1988 मध्ये एकाच डावात नाबाद 405. जन्म झिंबाब्वेतला, तेव्हा इंग्लंडकडून खेळण्याचा हक्क मिळवायला त्याला काही वर्षं थांबावं लागलं, आणि तेवढ्या काळात लोकांच्या अपेक्षा दुपटी-तिपटीनं वाढत गेल्या. अखेर 1991 मध्ये तो खेळायला उतरला आणि समोर उभे होते वेस्ट इंडिजचे अँब्रोज, मार्शल, वॉल्श. सात डाव, मिळून 75 धावा. कारकीर्द संपली तेव्हा प्रथम श्रेणीत 136 शतकं आणि कसोटीत फक्त सहा. प्रथम श्रेणीतली सरासरी 52, कसोटीतली 31.

असं का व्हावं? इथं मी तुम्हाला क्रिकेटच्या मैदानावरून कुस्तीच्या मैदानात नेतो. तालमीतल्या सगळ्या पोरांना आस्मान दाखवणारा पठ्ठ्या खासबागेत उतरतो. तिथं समोरचा गडी त्याच्यापेक्षा बळानं जास्त असेलच असं नाही. पण तो याचा आवडता डाव आधी पाहून आलेला असतो, आणि त्या डावाला हात घालायची संधीच देत नाही. कसोटीतला गोलंदाज असाच असतो. जिल्ह्यात नि रणजीतसुद्धा, षटकात एखादा तरी सैल चेंडू मिळतो. फलंदाज त्याच्यावर जगतो. कसोटीत तो चेंडू अर्धा-अर्धा तास येत नाही. त्यात ताशी 145 किलोमीटर वेगानं आलेला चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो. एवढ्यात तो आखूड की पुढं, आत येणारा की बाहेर जाणारा हे ओळखायचं, पाय हलवायचा आणि शिवाय 'हा मारायचा नाही' असंही ठरवायचं. तालुक्याच्या सामन्यात मुलाचा पाय जिथं पडत नाही, तिथं तो हातांच्या चपळाईवर निभावून नेतो. वेग वाढला की हातांची उधारी बंद होते. कांबळीचा हात देवानं दिलेला होता, फिरकीवर तर तो राज्य करी. पण 1994 च्या अखेरीस वेस्ट इंडिजच्या गोलंदाजांनी त्याला छातीच्या वर येणारे आखूड चेंडू टाकले आणि त्या मालिकेत त्याच्या धावा आटल्या. दुखणं कुठं आहे ते जगाला कळलं.

इथपर्यंत आलेले बरेच जाणकार थांबतात आणि म्हणतात, 'बघा, उसळत्या चेंडूला घाबरला, संपला.' मला हा निकाल घाईचा वाटतो. याच कारणासाठी सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांना 1952 सालीच घरी बसवायला हवं होतं! त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रासला त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद 130 धावा केल्या आणि भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. तिथं ट्रूमन नावाचा नवा जलद गोलंदाज होता. लीड्सच्या दुसऱ्या डावात भारताची शून्यावर चार बाद अशी दैना झाली, आणि उम्रीगरांच्या त्या साऱ्या मालिकेतल्या धावा भरल्या 43. ते लेग-अंपायरच्या दिशेनं सरकतात, अशी टवाळी झाली. त्याच लीड्सवर वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी 133 धावा काढल्या होत्या आणि सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी 89 आणि 56. त्यामुळं तुलना तर आणखीच बोचरी. पण निवड समितीनं उम्रीगरांना टाकलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी मालिकेत 560 धावा केल्या, 1955 मध्ये हैदराबादला भारतातर्फे पहिलं कसोटी द्विशतक केलं, आणि निवृत्त झाले तेव्हा बारा शतकं त्यांच्या नावावर होती. त्यांना तो दुसरा हिवाळा मिळाला. चोपन्नच्या सरासरीच्या कांबळीला तो पुरेसा मिळाला का, हा प्रश्न मला आजही छळतो. सगळा दोष समितीवर टाकावा असं मी म्हणत नाही, पण हिशेब जुळत नाही खरा.

तेव्हा मुलगा पडला की नाही, हे पाहून भागत नाही. पहिल्या पडण्यानंतर त्यानं काय केलं, ते पाहायचं. अलीकडच्या दोन मुंबईकर पोरांवरून हे फार स्वच्छ दिसतं. पृथ्वी शॉनं 2013 मध्ये शाळेच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत एका डावात 546 धावा केल्या, आणि 2018 मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक. डिसेंबर 2020 मध्ये तो अ‍ॅडलेडला खेळला. पहिल्या डावात सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर स्टार्कनं त्याचा त्रिफळा उडवला, दुसऱ्या डावात कमिन्सनं. दोन्ही वेळा चेंडू बॅट आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून आत शिरला. फट पहिल्या डावात होती तशीच दुसऱ्या डावात राहिली. तो सामना त्याची पाचवी कसोटी. त्यानंतरच्या कसोटीत त्याला अंतिम अकरांत जागा मिळाली नाही.

आता दुसरा. यशस्वी जयस्वाल हा उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडून मुंबईला आलेला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहून खेळलेला मुलगा. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातला त्याचा पहिला कसोटी सामना पर्थला. पहिल्या डावात स्टार्कच्याच पुढं पडलेल्या चेंडूवर अंगापासून दूर बॅट फेकली आणि शून्यावर झेल देऊन बसला. मैदान तेच, गोलंदाज तेच. दुसऱ्या डावात त्यानं तसले चेंडू सोडून द्यायला सुरुवात केली, राहुलबरोबर 201 धावांची सलामी दिली आणि स्वतः 161 केल्या, 297 चेंडू खेळून. एका रात्रीत हातात नवं बळ येत नसतं. त्या रात्रीत त्यानं एक मोह सोडला होता. जयस्वालला उद्या अपयश येणार नाही असं नव्हे. येईल, गोलंदाज नवी फट शोधतील. पण तो बुजवायला बसतो, एवढं त्यानं दाखवलेलं आहे.

आणि या सगळ्यात दैव म्हणून काही आहेच. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे संघाबरोबर वर्षाहून अधिक काळ नुसता हिंडला. अखेर मार्च 2013 मध्ये दिल्लीला संधी मिळाली तर धावा 7 आणि 1. तिथंच त्याच्यावर फुली मारता आली असती. मारली नाही, म्हणून डिसेंबरात डर्बनला, डेल स्टेनसमोर, नाबाद 51 आणि 96 पाहायला मिळाल्या. उलट अमोल मुझुमदार. 1988 मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी 664 धावांची भागी रचत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. रणजीच्या पहिल्याच सामन्यात 260 धावा, पुढं प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि तीस शतकं. कसोटी एकही नाही, कारण मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून बसले होते. त्याला कसोटीचा दर्जा नव्हता असं कोण म्हणेल? 2 नोव्हेंबर 2025 ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून मात्र तोच मैदानावर होता.

आता शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. तुमच्या शाळेत असा एखादा मुलगा असेल तर त्याची शतकं मोजायला गावात पुष्कळ माणसं आहेत. ते काम तुम्ही करू नका. तुम्ही दुसरं पाहा. मॅटिंगवर चेंडू छातीपर्यंत उसळतो, तेव्हा त्याचे डोळे चेंडूवर राहतात की मान फिरते? नजर राहत असेल तर बाकीचं शिकवता येतं; अंगावर चार चेंडू बसले म्हणून काही बिघडत नाही. 1989 मध्ये सियालकोटला सोळा वर्षांच्या सचिनच्या नाकावर वकारचा चेंडू बसला, रक्त आलं, आणि तो 57 धावा करून परतला. पुढची गोष्ट, अर्धा तास धाव मिळाली नाही तर तो चिडतो का? चिडून उचलून मारतो का? आणि बाद झाल्यावर तंबूत परत येऊन काय सांगतो? 'अंपायरनं घालवलं', 'खेळपट्टीच वाईट' असं रोज सांगणाऱ्या मुलाबद्दल मला काळजी वाटते, त्याच्या धावा कितीही असोत.

यासाठी पैसा लागत नाही. एक साधी दोनशेपानी वही पुरते. प्रत्येक सामन्यानंतर मुलाच्या नावापुढं धावा लिहिता, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा : बाद कसा झाला. गोलंदाज कोण, चेंडू कुठं पडला होता, मुलगा पुढं गेला होता की मागं. असे वीस डाव त्याच्याकडूनच लिहून घ्या, आणि मग पहिलं पान नि शेवटचं पान त्याच्यासमोर शेजारी शेजारी धरा. दोन्हींवर एकच कारण दिसलं, तर एवढ्यात त्याच्या वडिलांना कर्ज काढू देऊ नका. कारणं बदलत गेलेली दिसली, तर मात्र जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख विचारून घ्या. आणि दहावीचं वर्ष असेल तर पुस्तकंही त्याच पिशवीत भरून द्या.