काय दिसतं, ते विचारू या

(आदिवासी सेवाकार्याच्या सहायकांच्या गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथील सभेत चष्मा व्यवसायातील एका बांधवाने केलेले भाषण)



माझं दुकान इथंच, गुलमंडीत. मी डॉक्टर नाही. नंबर तपासतो, चष्मे बनवतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून जे शिकलो आणि वस्तीवर जे पाहिलं, तेवढंच सांगणार आहे.

मागच्या वर्षी आपल्यातल्या एका भगिनीनं माझ्या हातात पाकीट ठेवलं. वसतिगृहातल्या एका भिल्ल मुलीचा जाड चष्मा त्यांनी पाहिला होता. एक काडी तुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. त्या म्हणाल्या, "हिचं लेसर करून टाका. उद्या लग्नाचं बघताना चष्मा आडवा यायला नको."

मी त्या मुलीला दुकानात बोलावलं आणि लेसर म्हणजे काय ते समजावलं. आपल्या डोळ्यापुढे घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसर या पडद्याचा थोडा भाग काढून त्याचा आकार बदलतं. म्हणजे चष्म्याचा नंबर जणू डोळ्यावरच कोरला जातो. या शोधात आपल्या देशाच्या माणसाचा हात आहे. मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत काम करत होते. 1981 साली सणाच्या जेवणातून उरलेली टर्की त्यांनी प्रयोगशाळेत नेली आणि हे किरण तिच्यावर चालवून पाहिले. आजूबाजूचा भाग न जळता स्वच्छ काप मिळाला. पुढे डोळ्याच्या डॉक्टरांनी ते तंत्र हाती घेतलं.

पण कोरलेलं पुन्हा भरता येत नाही. म्हणून वय अठरा पूर्ण हवं, नंबर निदान वर्षभर स्थिर हवा, पडदा पुरेसा जाड हवा, डोळे फार कोरडे नसावेत. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना हे करत नाहीत. मुलगी सतरा वर्षांची. जुना कागद काढून पाहिला, तर वर्षात नंबर अर्ध्यानं वाढलेला. मी म्हणालो, "बाळ, आत्ता नाही." मला वाटलं, ती हिरमुसेल. तिनं विचारलं, "काका, माझ्या आजीचं होईल का मग? तिला तांदळातले खडे दिसत नाहीत."

त्या प्रश्नामुळे आम्ही कन्नड तालुक्यातल्या तिच्या वस्तीवर गेलो. शाळेच्या ओसरीत तक्ता लावला. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी 'ई'चा तक्ता असतो. अक्षराचे पाय कुठल्या दिशेला, ते बोटानं दाखवायचं. जवळची नजर आम्ही सुई-दोऱ्यावर पाहिली. आजीला वय विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं, एवढंच तिला ठाऊक होतं.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. त्या चष्म्याला आपण 'चाळिशी'च म्हणतो. लेसर करून घेतलेल्या माणसालाही पुढे चाळिशी लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालाप्रमाणे जगात 82 कोटींहून अधिक लोकांची जवळची नजर निव्वळ चाळिशीअभावी अधू आहे. आजी त्यांतली एक. आम्ही चष्मा दिला, तिनं सुई ओवली आणि सुनेला हाक मारून दाखवली.

पण तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तो चष्म्यानं जात नाही, आणि नंबर काढायच्या लेसरनंही जात नाही. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवावं लागतं. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून आहे आणि सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. मी घाटी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली, प्रार्थना केली आणि समाधानानं घरी आलो.

चार महिन्यांनी पुन्हा गेलो. आजीनं पत्र्याची पेटी उघडली आणि चिठ्ठी काढून दाखवली. घडीसुद्धा मोडली नव्हती. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. शहरात घाटी कुठं, कुणाला विचारायचं, रात्री सोबत कोण राहणार? यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. चूक आजीची नव्हती, माझी होती.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा गावचा आंधळा आहे. प्रभूनं त्याला स्पर्श केला आणि विचारलं, तुला काही दिसतं का? त्यानं खरं ते सांगितलं: माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तेव्हा प्रभूनं दुसऱ्यांदा हात ठेवला. मी हा उतारा लहानपणापासून ऐकतो आहे. त्यातला प्रश्न आणि दुसरा स्पर्श मला त्या पेटीपाशी कळला.

दुसऱ्या खेपेला आपल्या महिला मंडळाच्या दोन भगिनी आजीसोबत घाटीत राहिल्या. थेंब वेळेवर घातले, पट्टी निघेपर्यंत थांबल्या. आता आजी दोन्ही डोळ्यांनी पाहते.

म्हणून माझी विनंती. घरातले जुने चष्मे गोळा करून पाठवू नका. मीही एकदा पोतंभर वाटले होते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कुणी घालत नाही, मुलं त्याच्याशी खेळतात. चष्मा नाक, डोळा आणि नंबर मोजूनच द्यायचा. आम्हाला पैसे लागतातच, पण त्याहून जास्त माणसं लागतात: नोंदवही लिहिणारी, रुग्णालयात सोबत राहणारी, सहा महिन्यांनी त्याच वस्तीवर पुन्हा जाणारी.

आणि त्या पाकिटाचं काय झालं? गरिबाला चष्मा पुरे, लेसर ही श्रीमंतांची हौस, असं मी म्हणणार नाही. देणाऱ्या भगिनीशी बोलून ते पैसे मुलीच्या नावानं ठेवले आहेत. नंबर स्थिर झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, तर निर्णय तिचा. तोवर तिच्या नाकावर नवा, हलका चष्मा आहे. चौकट तिनं स्वतः निवडली. लाल रंगाची.