कादंबरीचें दुसरें लेखन



कादंबरीचें शेवटचें पान लिहून झालें कीं लेखकाला वाटतें, आपण सुटलों. वस्तुतः त्याच्या कामाचा अवघड भाग तेथूनच सुरू होतो. आज घरोघर लिहिणारीं माणसें आहेत. कित्येकांच्या पेटींत एखादी पुरी झालेली कादंबरीहि असेल. तिच्यावरून पुन्हां हात कसा फिरवावा, आणि त्या वेळीं कोणाचें ऐकावें, याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

मीं स्वतः कादंबरी लिहिलेली नाहीं. परंतु तीसाहून अधिक वर्षें मुलांचे निबंध तपासले आहेत. शेजाऱ्याच्या वहींत पांच चुका काढणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या वहींत एकहि सांपडत नसे, हा नेहमींचा अनुभव. याचें कारण आळस नव्हे. आपलें लिखाण वाचतांना आपण कागदावरचें वाचीतच नाहीं, मनांतलें वाचतों. नायिकेनें घर कां सोडलें हें लेखकाला पक्कें ठाऊक असतें. म्हणून तें आपण लिहिलेंच आहे अशी त्याची समजूत असते. वाचकाजवळ मात्र कागदाखेरीज दुसरा आधार नसतो. स्वतःचें पुस्तक परक्याच्या डोळ्यांनीं वाचणें ही पहिली अडचण होय.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. वाईट पान काढून टाकावयास फारसें धैर्य लागत नाहीं. पण पुष्कळदां काढावें लागतें तें चांगलें पान! वर्णन सुरेख असतें, भाषा सफाईदार असते. परंतु कथा तेथें थबकते. असें पान काढतांना लेखकाचा जीव तुटतो, आणि मग तो तें ठेवण्यासाठीं नाना कारणें शोधूं लागतो. अशा वेळीं दुसऱ्या माणसाची गरज लागते. पण तो दुसरा कोण असावा?

फ्रान्समधील गुस्ताव्ह फ्लोबेर या कादंबरीकाराची हकीकत येथें उपयोगी पडेल. १८४९ सालीं त्यानें ‘संत अँथनीचा मोह’ या विषयावर एक मोठा ग्रंथ पुरा केला आणि लुई बुइये व माक्सिम द्यु कां या दोन मित्रांना घरीं बोलावून तो वाचून दाखविला. वाचन चार दिवस चाललें. मित्रांनीं निकाल दिला कीं, हें अग्नींत टाकावें आणि पुन्हां त्याचें नांव काढूं नये. फ्लोबेरला तो घाव जिव्हारीं लागला. त्यानें तो ग्रंथ जाळला नाहीं. पण छापलाहि नाहीं. बाजूला ठेवला. १८५१ सालीं त्यानें एका खेडवळ डॉक्टरच्या बायकोची साधी कथा हातीं घेतली. तीच ‘मादाम बोव्हारी’. ती पुरी व्हावयास जवळजवळ पांच वर्षें लागलीं. तो एकेक परिच्छेद पुनःपुन्हां लिही, मोठ्यानें म्हणून पाही, आणि बुइये रविवारीं आला म्हणजे आठवड्याचें काम त्याला वाचून दाखवी.

१८५६ सालीं ही कादंबरी ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकांत क्रमशः येऊं लागली. द्यु कां त्याच्या चालकांपैकीं एक होता. त्यानें कादंबरींत काटछाट करूं द्यावी म्हणून आग्रह धरला. फ्लोबेरनें तो मानला नाहीं. तरीहि सरकारी रोषाच्या भीतीनें चालकांनीं कांहीं मजकूर गाळलाच. फ्लोबेरनें जाहीर निषेध केला. एवढें करून खटला टळला काय? मुळींच नाहीं. १८५७ च्या आरंभीं नीतिभंगाच्या आरोपावरून खटला झाला, आणि त्यांतून तो निर्दोष सुटला.

१८४९ सालीं ज्याचा कठोर सल्ला त्यानें मानला, त्याच मित्राचा सल्ला सात वर्षांनीं त्यानें नाकारला. पहिल्या वेळीं मित्र पुस्तकाचा विचार करीत होता. दुसऱ्या वेळीं पुस्तकाबाहेरच्या भयाचा. म्हणून सल्ला कोण देतो यापेक्षां तो कशासाठीं दिला जातो हें पाहावें. बाजूला ठेवलेला तो पहिला ग्रंथहि वांया गेला नाहीं. फ्लोबेरनें तो दोनदां नव्यानें लिहिला व १८७४ सालीं प्रसिद्ध केला.

सर्वच उदाहरणांत निवाडा इतका स्पष्ट नसतो. डिकन्सनें ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचा शेवट प्रथम उदास केला होता. १८६१ सालीं बुल्वर-लिटन या लेखकमित्रानें सुचविल्यावरून त्यानें तो बदलला व नायक-नायिकेच्या पुनर्मीलनाची आशा ठेवली. डिकन्सच्या मृत्यूनंतर त्याचा चरित्रकार फॉर्स्टर यानें मूळ शेवट प्रसिद्ध केला. तेव्हांपासून कोणता सरस हा वाद चालूच आहे. पहिला खर्डा जपून ठेवावा, हा धडा मात्र त्यांतून निर्विवाद मिळतो. हल्लीं यंत्रावर एका बोटासरशी पानच्या पान पुसतां येतें, आणि मागें खूणहि राहत नाहीं. म्हणून ही काळजी आज अधिक घेतली पाहिजे.

कोणी म्हणेल, इतकें घासल्यानें लिखाणांतील जीवच जात नाहीं काय? शंका रास्त आहे. आपल्या हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकांतून येत गेली. छापून गेलेला मजकूर परत बोलावणें साप्ताहिकाच्या लेखकाला शक्य नसतें. तरी यमूचें बोलणें आजहि मनाला चटका लावतें. मुळांत जीव नसेल तर तो दुरुस्तीनें घालतां येत नाहीं, हें खरें. परंतु जेथें तो आहे, तेथें त्याच्यावर पडलेलें ओझें दुरुस्तीनें उतरवितां येतें.

म्हणून नव्या लेखकांना माझें सांगणें इतकेंच. लिहून झालेली कादंबरी दोनतीन महिने बंद ठेवा. तोंवर ती थोडी परकी होईल. मग घरांतील एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला ती मोठ्यानें वाचून दाखवा. ‘कशी वाटली?’ असें विचारूं नका. भिडेनें तो ‘छान’ म्हणेल. ‘कोठें कंटाळा आला? कोठें समजलें नाहीं?’ असें विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर वाद न घालतां त्या पानावर खूण करा. मग तें पान एकट्यानें पुन्हां वाचा. काढल्यानें कथा चालूं लागत असेल तर तें काढा. केवळ ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीनें काढावेंसें वाटत असेल, तर राहूं द्या.