आल्फाविल : हुकूम सोडणारा आवाज

माणसांची मनं ताब्यात घेण्याच्या गोष्टींत खलनायकाकडे बहुधा भारी सामग्री असते. डोक्याला जोडलेल्या तारा, गरगर फिरणारी चक्रं, डोळ्यांवर रोखलेले झोत. ज्याँ-ल्यूक गोदार यांच्या १९६५ सालच्या ‘आल्फाविल’ या फ्रेंच चित्रपटात आख्खं शहर मुठीत ठेवतो तो एक आवाज. रेडिओवर बोलायला बसलेल्या माणसाला हा चित्रपट आठवावा, यात नवल नाही.

शहराचं नाव आल्फाविल. कारभार आल्फा ६० या संगणकाच्या हाती. तो दिसतो कमी, ऐकू फार येतो. खोल, घोगरा, अडखळत श्वास घेणारा आवाज. गोदारनी त्यासाठी नट घेतला नाही. स्वरयंत्र गमावल्यावर वेगळ्या तंत्राने पुन्हा बोलायला शिकलेल्या एका माणसाकडून ते संवाद बोलवून घेतले. त्यामुळे झालंय असं, की यंत्राचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो त्यात शरीराचे कष्ट ऐकू येतात. अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

या शहरात ‘का?’ असं विचारायचं नाही. हॉटेलच्या खोलीत बायबल म्हणून जे पुस्तक ठेवलेलं असतं ते असतो शब्दकोश. त्यातले शब्द एकेक करून काढून टाकले जातात आणि नवी आवृत्ती हातात पडते. रडणाऱ्याला देहदंड. बायको गेल्यावर एकजण रडला म्हणून त्याला पोहण्याच्या तलावाच्या फळीवर उभं करतात, गोळ्या घालतात. तो पाण्यात पडला की पोहण्याच्या पोशाखातल्या मुली सुरे घेऊन सूर मारतात, आणि काठावरची प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवतात. हे सगळं एखाद्या बक्षीस समारंभाच्या शिस्तीत.

आणि हे भविष्यातलं शहर उभारायला खर्च किती? जवळजवळ काहीच नाही. सेट नाहीत, चमत्कृती नाही. छायाचित्रकार राउल कुतार यांनी त्या वेळचं पॅरिसच रात्री, अतिसंवेदनशील फिल्मवर, मिळेल त्या उजेडात टिपलं. काचेच्या इमारती, निऑनचे बाण, न संपणारे कॉरिडॉर. १९६३ साली सुरू झालेली फ्रेंच नभोवाणीची नवी कोरी गोल इमारतही त्यात आहे. (आमच्या बिरादरीची वास्तू अशा कामाला लागलेली पाहून मला जरा गंमतच वाटली.)

या शहरात शिरतो लेमी कॉशन. हॅट, रेनकोट, पिस्तूल, खडबडीत चेहरा. एडी कॉन्स्टंटाइन हा नट हीच भूमिका १९५३पासून फ्रेंच गुन्हेपटांतून करत होता. प्रेक्षकांच्या चांगला ओळखीचा. गोदारनी तो आयताच उचलला आणि उद्याच्या जगात सोडून दिला. जुन्या वळणाचा हा गुप्तहेर तिथे पार विजोड दिसतो, आणि चित्रपटाची सगळी ऐट त्या विजोडपणात आहे. संगणक त्याची उलटतपासणी घेतो तेव्हा हा गडी कवितेच्या आधाराने उत्तरं देतो.

एक गोष्ट मात्र आज खटकते. आल्फाविलमधल्या बायका बहुतेक बाहुल्या आहेत. गळ्यावर आकडे गोंदलेल्या, पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या. टीका व्यवस्थेवर आहे हे कळतं, पण कॅमेराही त्यांच्याकडे जरा चवीनेच पाहतो. अपवाद आना कारिना यांच्या नताशाचा. ‘प्रेम’ हा शब्दच तिला ठाऊक नसतो. शेवटी गाडीत ती तो शोधत असते आणि लेमी मदत करायचं साफ नाकारतो : तुझं तूच म्हण. तिथे कारिना यांचे ओठ हलायला लागतात, थांबतात, पुन्हा हलतात. मला विचाराल तर, लेमीने संगणकाला कोड्यात पकडून केलेला त्याचा पाडाव त्यापुढे घाईत उरकल्यासारखा वाटतो.

बर्लिनच्या महोत्सवात १९६५ सालीच या चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळालं. लांबी सुमारे ९९ मिनिटं. पाहायला मिळाला तर मूळ फ्रेंचमध्येच पाहा, खालची अक्षरं वाचावी लागली तरी चालेल. आल्फा ६०चा तो घोगरा श्वास दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून यायचा नाही.