फुले भरपूर, पण दाणे पोचे का?



पाऊस सरता सरता वरकस जमिनीवर कारळा फुलतो आणि सारा माळ पिवळाधमक दिसतो. पण मळणी करून वारं दिलं, की कधी कधी बराच माल पोचाच निघतो. पाऊस झाला, खत दिलं, फूलही लागलं; मग दाणा का भरला नाही? याचं एक मोठं कारण फुलाच्या आतच आहे. तेच आज समजून घेऊ.

स्वतःचा पराग नको

भात, गहू, हरभरा, भुईमूग या पिकांत फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो आणि दाणा धरतो. असं झाड रानात एकटं उभं असलं तरी बी देतं. कारळा, मुळा, कोबी यांचं तसं नाही. त्यांच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, परागही चांगला असतो. तरीही कुक्षी आपल्याच झाडाचा पराग स्वीकारत नाही. एका गोत्रात सोयरीक करत नाहीत ना, तसाच हा प्रकार. शास्त्रात याला स्व-असंगतता म्हणतात. त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा पराग आणला तरी चालत नाही, कारण गोत्र एकच. शेजारचं झाड त्याच गोत्राचं निघालं, तर त्याचाही परागही परत फिरतो. निसर्गाचा हेतू एवढाच, की वाण दमदार राहावा.

गोत्र ओळखतं कोण?

ही ओळख प्रथिनांमुळे पटते. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळात कुक्षीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं असतं, आणि परागकणाच्या अंगावर दुसरं लहान प्रथिन असतं. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जून नसरल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्याचा शोध १९९१ मध्ये आणि दुसऱ्याचा १९९९ मध्ये जाहीर केला. दोन्ही प्रथिनं एकाच गोत्राची असली, की कुलपात किल्ली बसावी तशी जुळतात. मग कुक्षी त्या परागाला पाणीच देत नाही. पराग कोरडा राहतो, रुजत नाही. गोत्र वेगळं असलं तर किल्ली बसत नाही, इशारा जात नाही, पराग रुजतो आणि दाणा धरतो.

कोवळ्या कळीत हा पहारा अजून बसलेला नसतो. म्हणून बियाणे तयार करणारे तज्ज्ञ न उमललेली कळी उघडून तिला तिच्याच झाडाचा पराग लावतात आणि मूळ वाण टिकवतात. कोबीचं संकरित बियाणं याच गुणाचा उपयोग करूनही तयार करता येतं.

कारळा आणि सूर्यफूल यांचं कूळ वेगळं, पण रीत तीच: नको तो पराग कुक्षीवरच अडवायचा. सूर्यफुलाच्या जुन्या वाणांत ही अडवणूक जास्त होती. आजचे बरेच संकरित वाण स्वतःच्या परागावरही दाणा धरतात. तरी मधमाशी आली तर दाणे अधिक भरतात. या पिकांचा पराग चिकट असतो, तो वाऱ्यानं फारसा जात नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेणार कोण? मधमाशीच.

आपण काय करावे?

१) पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक मारू नका. अगदीच गरज पडली, तर संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर फवारा.

२) सूर्यफुलासाठी हेक्टरी ४ ते ५ मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. सातेरी मधमाश्या पाळण्याचं शिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयातर्फे मिळतं.

३) मधमाश्या कमी दिसत असतील, तर सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून सूर्यफुलावरून हळुवार फिरवा. एकाच फुलावर घोटत बसू नका. ओळीनं पुढे चला, म्हणजे एकाचा पराग दुसऱ्याला लागेल. फुलोरा असेपर्यंत हे दिवसाआड करा.

४) कारळ्याचं बी घरचं धरायचं असेल, तर दोन-चार ठसठशीत झाडांचंच धरू नका. त्यानं गोत्रं कमी होतात आणि पुढच्या पिढीत सोयरीक जुळेनाशी होते. शेतातल्या भरपूर निरोगी झाडांचं बी एकत्र करून ठेवा.

५) बांधावरच्या आग्या मोहोळाला धूर करून जाळू नका. ते आपलं बिनपगारी मजूर आहे.

दाणे पोचे राहण्याला इतर कारणंही असतात. दाणा भरताना ओल कमी पडली तरी तसं होतं. म्हणून पाणी, खत आपल्या जागी हवंच. पण यंदा कारळा फुलला, की सकाळच्या उन्हात बांधावर घटकाभर उभे राहा आणि फुलांवर मधमाश्या किती येतात ते बघा. गुणगुण ऐकू आली, तर दाणा भरण्याचं निम्मं काम झालं म्हणून समजा.